जुनं पिस्तूल, नवी मूठ

मित्रांनो, मेकॅनिकलला ॲडमिशन घेतली की गावाकडची माणसं आपल्याला एकदम मोठा कारागीर समजायला लागतात. कुणाची विहिरीवरची मोटर जळाली, कुणाची गाडी किकला दाद देत नाही, की बोलवा भाच्याला! सेकंड इयरच्या सुट्टीत माझ्याकडे आलेलं काम मात्र जरा वेगळं होतं. कळमनुरी तालुक्यात राहणाऱ्या माझ्या मामांकडे परवान्याचं 32 बोअरचं जुनं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल आहे. स्लाइडवर गंजाचे ठिपके आलेले, मुठीची एक फळी तडकलेली. मामा म्हणाले, "भाचेबुवा, याला नव्यासारखं करता येईल का बघा."

हॉस्टेलवर विषय काढला आणि मेसच्या टेबलावरच तीन सल्ले मिळाले. एक म्हणाला, बफिंग मार, आरशासारखं होईल. दुसरा म्हणाला, स्प्रिंग कडक टाक. तिसरा तर म्हणाला, फायरिंग पिन मी लेथवर टर्न करून देतो, जॉब किती छोटा असतो! तिन्ही सल्ल्यांना उत्तर एकच, "नाही". का नाही, आणि मग आपल्यासारख्याच्या हाताला काय उरतं, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी यंत्र समजून घेऊ

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे ट्रिगर एकदा दाबला की एकच गोळी सुटते, पण पुढचं काडतूस आपोआप चेंबरमध्ये येऊन बसतं. 32 बोअरची बहुतेक पिस्तुलं 'ब्लोबॅक' पद्धतीची असतात. यात नळीचं मागचं तोंड कुठल्याही कुलपाने बंद नसतं. स्लाइडचं वजन आणि मागची स्प्रिंग, एवढ्यावरच ते दाबून धरलेलं असतं. फर्स्ट इयरचं मोमेंटम आठवा. गोळी साधारण 4.6 ग्रॅमची आणि वेग सेकंदाला 275 मीटरच्या आसपास. स्लाइड समजा 300 ग्रॅमची धरली, तर ती सेकंदाला सुमारे 4 मीटर वेगाने मागे येते. येताना रिकामं काडतूस बाहेर फेकते, स्प्रिंग दाबते आणि परत पुढे जाताना मॅगझिनमधलं नवीन काडतूस उचलते. ही कल्पना अमेरिकेच्या जॉन ब्राउनिंगची. त्याचं पिस्तूल बेल्जियमच्या एफ.एन. कारखान्याने 1899 च्या सुमारास बाजारात आणलं आणि 32 ची ही गोळीही त्याच पिस्तुलासोबत आली.

आता सल्ला नंबर दोन बघा. स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगची ताकद यांचा हिशोब डिझायनरने जुळवलेला असतो. स्प्रिंग थकली तर स्लाइड फ्रेमवर जोरात आदळते आणि कालांतराने चीर पडते. जास्त कडक टाकली तर स्लाइड पूर्ण मागे येत नाही आणि काडतूस मधेच अडकतं. म्हणून स्प्रिंग बदलायची तर मूळ मापाचीच आणि तीही माहीतगाराने.

या रचनेतच सगळ्यात मोठा धोकाही लपलेला आहे. "मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं" असं लोकांना वाटतं. अहो, एक गोळी चेंबरमध्ये बसलेली असू शकते! क्रम असा: आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे, मग चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं. तोंड कायम सुरक्षित दिशेला आणि बोट ट्रिगरच्या बाहेर. क्रम उलटा केला तर चेंबर रिकामं होतं आणि मॅगझिनमधली पुढची गोळी लगेच त्याच्या जागी येते.

लेथवाल्या मित्रासाठी

फायरिंग पिन दिसते खिळ्याएवढी, पण तिचं स्टील, उष्णोपचार आणि टोकाचा गोलावा ठरलेला असतो. वर्कशॉपमधल्या माइल्ड स्टीलची पिन काही दिवसांत चेपते किंवा पुढे अडकून बसते. ती अडकली तर स्लाइड बंद होतानाच गोळी सुटू शकते.

हे झालं इंजिनिअरिंग. कायदा तर याहून कडक आहे. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 प्रमाणे शस्त्र बनवणं, त्यात फेरफार करणं आणि दुरुस्त करणं याला वेगळा परवाना लागतो. मामांचा परवाना बाळगण्याचा आहे, दुरुस्तीचा नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या भंगाला कमीत कमी 7 वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. "सर, मी फक्त एक पिन टर्न केली" हे उत्तर व्हायव्हात चालेल, कोर्टात नाही.

बफिंग का नको?

मामा स्वतः पिस्तूल घेऊन शेजारच्या जिल्ह्यातल्या परवानाधारक दुरुस्तीवाल्या चाचांकडे गेले, मी सोबत होतो. चाचांनी पहिल्यांदा भिंग लावून नंबर वाचला. बफिंगची चाकं कोपरे गोल करतात आणि कोरलेली अक्षरं पुसट करतात. कलम 8 प्रमाणे शस्त्रावरचा नंबर किंवा खूण पुसणं हा गुन्हा आहे. एवढंच नाही, नंबर पुसलेलं शस्त्र ज्याच्याकडे सापडेल त्यानेच तो पुसला असं गृहीत धरलं जातं. तसं नाही हे सिद्ध करणं त्याच्या गळ्यात! निवडणुकीत शस्त्र ठाण्यात जमा करताना, परवाना नूतनीकरणाला, पुढे वारसाच्या नावावर करताना, सगळीकडे हाच नंबर जुळवतात. आरशासारखी चमक मिळवून मामांचा परवाना अडचणीत आला असता.

शिवाय तो काळसर निळा रंग म्हणजे पेंट नव्हे. ब्लूइंग हा मुद्दाम तयार केलेला लोखंडाचा काळा ऑक्साइड, म्हणजे मॅग्नेटाइटचा थर आहे. लाल गंज पोकळ असतो, ओल धरतो आणि आत खात जातो. काळा ऑक्साइड घट्ट चिकटतो आणि तेलाचा हात धरून ठेवतो. चाचांनी तेल लावून हलक्या हाताने फक्त लाल गंज काढला, स्प्रिंग मूळ मापाची बदलली आणि मामांना बजावलं, "चामड्याच्या कव्हरमध्ये ठेवू नका." चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेली रसायनं लोखंडाला लागतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर विचारूच नका.

मग आपल्यासाठी काय उरलं? मूठ!

लाकडाची फळी घडवण्याचं काम चाचांनी मला दिलं. बसवणार मात्र ते स्वतः. पिस्तूल एकदाही हॉस्टेलच्या वाटेला आलं नाही. माझ्यासोबत आली ती फक्त तडकलेली जुनी फळी. व्हर्नियरने जाडी आणि स्क्रूच्या भोकांमधलं अंतर घेतलं, ग्राफ पेपरवर आकार उतरवला. मामांच्या तळहाताचा ठसा मामींनी मळून दिलेल्या कणकेत घेतला! लाकूड शिसवीचं, कारण ते घट्ट असतं. रेषा मुठीच्या लांबीत ठेवल्या, नाहीतर स्क्रूपाशी फळी तडकते. वर तिकोनी कानशीने बारीक चौकड्या पाडल्या आणि जवसाच्या तेलाचे पातळ हात दिले. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्यात उष्णता निघते. म्हणून तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेऊ शकतं. पसरून वाळवा.

मूठ म्हणजे नुसती शोभा असं समजू नका. मूठ जाड झाली की बोट ट्रिगरपर्यंत नीट पोचत नाही, दाब तिरका पडतो आणि नेम बाजूला जातो. नेमबाजीच्या खेळात हे फार मोलाचं. 25 मीटर पिस्तूल प्रकारात ट्रिगर किमान 1000 ग्रॅम वजन पेलणारा हवा असा नियम आहे आणि खेळाडू मूठ आपल्या हाताप्रमाणे घासूनपुसून घेतात. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण जिंकलं.

तेव्हा मित्रांनो, कुणाला या यंत्राचं खरंच वेड असेल तर एन.सी.सी. आहे, रायफल क्लब आहेत, आणि आर्मरर हा पोलीस आणि सैन्यातला मानाचा हुद्दा आहे. आपल्या हिंगोलीतच राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 12 आहे. आपल्याला लेथ चालवता येतो ही चांगली गोष्ट आहे. कोणता जॉब लेथवर लावायचा नाही हे कळलं, की समजा इंजिनिअर झालो.