कोचला वेळ द्या, पण तारीख ठरवून: मुंबई सिटीने टीम कशी बांधली?



दुकानात नवा मॅनेजर ठेवला. दोन जुने कामगार गेले, तीन नवे आले. दोन महिन्यांत गल्ला थोडा कमी झाला की घरातून, भागीदाराकडून, जुन्या गिऱ्हाइकांकडूनही एकच सूर येतो, "आधीचा माणूस बरा होता. याला काढा."

फुटबॉलमध्ये हे रोजचंच आहे. आपल्या माधवनगरहून कोल्हापूर काही लांब नाही. तिथे शाहू स्टेडियमवर जाऊन बघा, दोन मॅच हरल्या की पेठेतला प्रत्येक जण कोच होतो! आज मी अशाच एका कोचची बाजू घेणार आहे. डेस बकिंगहॅम, क्लब मुंबई सिटी एफसी. फुटबॉल कळत नसेल तरी वाचा, कारण गोष्ट टीम बांधण्याची आहे.

आधी परिस्थिती समजून घ्या

त्या काळात इंडियन सुपर लीगमध्ये दोन बक्षिसं असायची. लीगमध्ये पहिला नंबर आला की शील्ड, आणि त्यानंतरचे बाद फेरीचे सामने जिंकले की कप. 2020-21 मध्ये सर्जिओ लोबेरा या कोचच्या हाताखाली मुंबईने दोन्ही जिंकले. 13 मार्च 2021 च्या फायनलमध्ये बिपिन सिंगने 90व्या मिनिटाला गोल केला आणि कपही मुंबईला आला.

पुढचा सीझन तोंडावर आला आणि लोबेरा गेला. ऑक्टोबर 2021 मध्ये 36 वर्षांचा बकिंगहॅम आला. त्याच्या हाती चॅम्पियन टीम होती, पण अर्धी रिकामी. गोलकीपर अमरिंदर सिंग आणि ह्युगो बूमूस एटीके मोहन बागानकडे गेलेले. बार्थोलोम्यू ओगबेचे हैदराबादकडे गेलेला.

सुरुवात झकास झाली, मोहन बागानला 5-1 ने हरवलं. मग गाडी रुळावरून घसरली. केरळकडून 0-3, बंगळुरूकडून 0-3. शेवटी टीम 31 गुणांवर पाचवी आली. वरच्या चारांनाच पुढे जागा होती, आणि चौथ्या केरळचे गुण होते 34. तिकडे आपण सोडलेल्या ओगबेचेने हैदराबादसाठी 18 गोल ठोकले आणि हैदराबादने कप नेला. चाहत्यांना राग येणार नाही तर काय होणार?

"लोबेराने पहिल्याच वर्षी करून दाखवलं होतं की!"

हा मुद्दा ऐकायला बिनतोड वाटतो. पण लोबेरा एकटा आला नव्हता. मंदार राव देसाई, अहमद जाहू, मुर्तदा फॉल, बूमूस हे सगळे एफसी गोव्यात त्याच्याच हाताखाली खेळलेले. म्हणजे जमलेली टीम त्याने मुंबईत आणून बसवली. एखाद्या हॉटेलवाल्याने जुना आचारी, मदतनीस आणि वाढपी सगळे सोबत आणून नव्या गावात हॉटेल काढलं, तर पहिल्या आठवड्यात चव जमणारच. बकिंगहॅमला आचारी वेगळा, वाढपी वेगळा आणि उद्घाटन महिन्यावर. दोघांची तुलना एका तराजूत होत नाही.

पाचव्या नंबरात काय दडलं होतं?

फक्त निकाल बघणारा म्हणेल, वर्ष वाया गेलं. बारकाईने बघितलं तर तीन गोष्टी दिसतात.

एक, कणा ठेवला. फॉल, जाहू, बिपिन ही जुनी मंडळी राहिली. सगळं एकदम मोडलं नाही.

दोन, उद्याची माणसं आजच घेतली. अपुइया आणि राहुल भेके त्याच सीझनला आले. लालियानझुआला छांगटे तर सीझनच्या मध्यात, जानेवारी 2022 मध्ये आला. त्या वर्षी त्याचा फार गाजावाजा झाला नाही. पुढच्या वर्षी तोच लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

तीन, अवघड परीक्षेत सुधारणा दिसली. एप्रिल 2022 मध्ये एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबईने इराकच्या एअर फोर्स क्लबला 2-1 ने हरवलं. त्या स्पर्धेच्या गटात सामना जिंकणारा हा पहिला भारतीय क्लब.

मग क्लबने कोच ठेवला आणि उरलेली भोकं बुजवली. ग्रेग स्टुअर्ट, होर्गे पेरेरा दियाझ, अल्बर्टो नोगेरा आले. 2022-23 मध्ये पहिल्या 18 सामन्यांत एकही हार नाही, 20 सामन्यांत 46 गुण, शील्ड मुंबईची.

आता खरी पावती. नोव्हेंबर 2023 मध्ये बकिंगहॅम इंग्लंडला गेला. तरी 4 मे 2024 ला, नवा कोच पेत्र क्रात्कीच्या हाताखाली, मुंबईने मोहन बागानला 3-1 ने हरवून कप जिंकला. त्या टीममध्ये भेके, अपुइया, छांगटे होते, गोल करणाऱ्यांत दियाझ आणि बिपिन होते. बांधणारा गेला तरी बांधलेलं टिकलं. धंद्यात यालाच सिस्टीम म्हणतात.

मग चाहते चुकले का?

प्रश्न विचारण्यात चुकले नाहीत. पैसा, वेळ, जीव लावणाऱ्याला विचारायचा हक्क आहेच. गडबड मोजपट्टीत होती. सुरू असलेल्या दुरुस्तीला तयार घराचा हिशेब लावला.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो. त्या काळात मुंबई सिटीच्या मागे सिटी फुटबॉल ग्रुपसारखा मोठा मालक होता. एक वर्ष त्यांना परवडत होतं. तुमच्या डोक्यावर दुकानाचं भाडं आणि बँकेचा हप्ता आहे. त्यामुळे "धीर धरा" एवढा सल्ला मी देणार नाही. धीराला खर्च असतो, म्हणून त्याला तारीख हवी.

तुम्ही काय करायचं?

नवा माणूस ठेवण्याआधी एका कागदावर चार ओळी लिहा.

1. कोण राहणार? गिऱ्हाईक नावाने ओळखणारा आणि माल कुठे आहे ते डोळे झाकून सांगणारा, हे दोघं एकाच वेळी जाऊ देऊ नका.

2. किती महिने थांबणार? घरखर्च आणि हप्ते धरून, कमी गल्ल्यावर किती दिवस निघतील ते मोजा. तीच तुमची तारीख.

3. गल्ल्याआधी काय सुधारलेलं दिसेल? बिलातल्या चुका, परत येणारा माल, उधारीची वसुली, दुसऱ्यांदा येणारं नवं गिऱ्हाईक. गल्ला शेवटी हलतो, या गोष्टी आधी हलतात. दर शनिवारी वहीत आकडा लिहा.

4. नवीन माणसाला हातात काय दिलं? अर्धी टीम आणि अर्धा माल देऊन पूर्ण सीझनचा धंदा मागू नका.

तारखेला वही उघडा. आकडे सुधारत असतील तर लोक काहीही म्हणोत, माणूस ठेवा आणि कमी पडतंय ते द्या. आकडे जागेवरच असतील तर समोर बसवून नीट बोला आणि निर्णय घ्या, उगाच लांबवू नका.

हा कागद भागीदाराला आणि घरच्यांनाही आधीच दाखवा. कधी आणि काय बघायचं हे माहीत असलं की माणसं मधल्या काळात कमी ओरडतात.

तुमच्या दुकानाचा कागद आज रात्रीच लिहून काढा. भेटूया पुढच्या व्हिडिओत!