पोट लहान झाले, ताट कधी होणार?

आखाजीचा दिवस आहे. साक्रीतल्या एखाद्या घरात दुपारची पंगत बसली आहे, असे समजा. खापर तापले आहे, हातावर फिरवून मोठे केलेले मांडे एकामागून एक उतरत आहेत, आमरसाचे पातेले मधोमध ठेवले आहे. घरातल्या थोरल्या सुनेचे दोन महिन्यांपूर्वी वजन कमी करण्याचे ऑपरेशन झाले आहे, बायपास पद्धतीचे. तिच्या ताटात फक्त वाटीभर घट्ट वरण आणि थोडे पनीर. नणंद मांडा घेऊन समोर उभी राहते. ‘‘घ्या ना वहिनी, सणाचा दिवस आहे. एवढ्याने काय होते?’’

वहिनींना नाही म्हणवत नाही. चतकोर मांडा आणि अर्धी वाटी रस पोटात जातो. पंधरा-वीस मिनिटांत छाती धडधडू लागते, दरदरून घाम येतो, पोटात कळ येते, चक्कर आल्यासारखे होते. कुणी म्हणते नजर लागली, कुणी म्हणते ऑपरेशन बिघडले. बहुतेक वेळा या दोन्हींपैकी काहीच झालेले नसते. पोट बदलले आहे आणि ताट मात्र जुनेच राहिले आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो.

महाराष्ट्रात या शस्त्रक्रियेचे नाव घरोघरी पोहोचले ते २०११ मध्ये. भाजपचे तेव्हाचे राष्ट्रीय अध्यक्ष नितीन गडकरी यांनी त्या वर्षी मुंबईत ती करून घेतली. पुढे २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांना उपचारासाठी विमानाने मुंबईत आणले, तेव्हा पुन्हा महिनोन्‌महिने चर्चा झाली. दोन्ही वेळा बातमी झाली ती किलोंची. किती होते, किती उतरले. ऑपरेशननंतर रोज सकाळी उठून काय खायचे, किती खायचे, हे फारसे कुणी विचारले नाही. खरे तर यशापयश ठरते ते तिथेच.

आपल्या भागातले रुग्ण या ऑपरेशनसाठी बहुधा नाशिक, सुरत, पुणे किंवा मुंबईला जातात. दवाखान्यात मुक्काम असतो दोन-चार दिवसांचा. त्यानंतरची सगळी वाटचाल घरी करायची असते आणि ऑपरेशन केलेले डॉक्टर शेकडो किलोमीटरवर असतात. म्हणून घरच्यांनीही हा विषय समजून घेतला पाहिजे.

पोटात नेमके काय बदलते?

दोन पद्धती जास्त प्रचलित आहेत. ‘स्लीव्ह’ पद्धतीत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी उरते. ‘घ्रेलिन’ हे भुकेचे संप्रेरक ज्या भागात जास्त तयार होते, तो भागही त्यात निघून जातो. त्यामुळे सुरुवातीचे काही महिने भूकच फार लागत नाही. ‘बायपास’ पद्धतीत जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची लहानशी पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. अन्न जठराचा मोठा भाग आणि आतड्याचा पहिला भाग टाळून पुढे जाते.

ही शस्त्रक्रिया सरसकट सगळ्यांसाठी नाही. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार बीएमआय ३५ किंवा अधिक असेल तर, आणि मधुमेहासारखा आजार सोबत असेल तर ३० पासून पुढे तिचा विचार करतात. आशियाई लोकांना कमी वजनातही मधुमेह गाठतो, म्हणून त्यांच्यासाठी ही मर्यादा आणखी खाली, २७.५ वर आणली आहे. १५५ सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन ८४ किलो असेल तर तिचा बीएमआय ३५ भरतो.

पहिले आठ आठवडे

आतला टाका भरून यायला वेळ लागतो. म्हणून खाणे पायरीपायरीने वाढवतात. प्रत्येक रुग्णालयाचा तक्ता थोडा वेगळा असतो आणि आपल्या डॉक्टरांनी दिलेला तक्ताच अंतिम मानायचा. साधारण क्रम असा असतो.

पहिले एक-दोन दिवस फक्त पाण्यासारखे पातळ पदार्थ : पाणी, गाळलेले सूप, पातळ ताक. औषधाच्या बाटलीसोबत जे छोटे माप येते, तेवढे पाणी घोटघोट करत पंधरा मिनिटांत संपवायचे. तांब्या तोंडाला लावून घटाघटा पिण्याची सवय इथेच सोडावी लागते.

त्यानंतर सुमारे दोन आठवडे दूध, ताक, गाळलेले वरण, डॉक्टरांनी सांगितलेली प्रथिनांची पावडर. साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात नागली पिकते. तिची पातळ, गाळलेली पेज या काळात चालते का, हे आहारतज्ज्ञांना जरूर विचारा. १०० ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. मात्र पेज हे प्रथिनांचे खाणे नव्हे. दूध-ताकाची जागा तिला देऊ नये.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिक्सरमधून काढलेले मऊ अन्न : घट्ट वरण, मऊ पनीर, दही, कुस्करलेले अंडे. पाचव्या आठवड्यापासून मऊ, चावता येईल असे पदार्थ आणि सहा ते आठ आठवड्यांनंतर हळूहळू घरचे नेहमीचे जेवण. कळण्याची भाकरी वरणात चुरून, मऊ करून खाल्ली तर सोसते. ताजी लुसलुशीत पोळी मात्र बऱ्याच जणांना त्रास देते. ती तोंडात गोळा होते आणि लहान झालेल्या वाटेत अडकल्यासारखी वाटते. शेवभाजीची तर्री आणि भरतातली हिरवी मिरची यांची घाई करू नये.

या काळात शरीरालाही हलते ठेवावे लागते. ऑपरेशनच्या दिवसापासूनच थोडे थोडे चालायला सांगतात, कारण पडून राहिल्यास पायाच्या शिरांत रक्ताची गाठ होण्याचा धोका असतो. मात्र पाण्याची कळशी, धान्याचे पोते, गॅसची टाकी असले वजन चार ते सहा आठवडे उचलायचे नाही. शेतातल्या कामावर परतण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आधी प्रथिने, मग बाकीचे

पोटात जागा थोडी उरलेली असते. ती भाताने भरली तर स्नायूंना लागणारे प्रथिन मिळत नाही. वजन चरबीचे उतरायला हवे. प्रथिन कमी पडले तर स्नायूही झिजतात आणि माणूस बारीक होण्याऐवजी अशक्त होतो. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिन हे साधारण उद्दिष्ट असते.

हा आकडा आपल्या स्वयंपाकघरात मोजून पाहू. दोन अंडी म्हणजे १२ ग्रॅम. दिवसभरात मिळून ३०० मिलिलिटर दूध म्हणजे सुमारे १०. पन्नास ग्रॅम पनीर म्हणजे ९ ते १०. वाटीभर घट्ट वरण म्हणजे ६ च्या आसपास. बेरीज चाळिशीच्या अलीकडेच थांबते. मांसाहार करणाऱ्यांना ७५ ग्रॅम शिजलेल्या चिकनमधून आणखी १८ ते २० ग्रॅम मिळतात. शाकाहारींना ३० ग्रॅम सोयाबीन वड्यांतून सुमारे १५ ग्रॅम मिळतात. वरणाच्या वरचे निवळ पाणी पाजून ‘डाळ दिली’ असे समजू नये, प्रथिन खाली बसलेल्या डाळीत असते.

ताटातला क्रमही बदलतो. आधी अंडे, डाळ, पनीर किंवा मासे-चिकन, मग भाजी आणि जागा उरली तर शेवटी भाकरीचा तुकडा. घास बोराएवढा, वीस-पंचवीस वेळा चावलेला. जेवण वीस ते तीस मिनिटांत संपवायचे. पोट भरल्याची खूण आता वेगळी असते : छातीच्या खाली जडपणा, उचकी, नाक वाहणे. ही खूण दिसली की पुढचा घास टाळायचा. ‘ताटात टाकू नये’ ही शिकवण चांगली आहे, पण ती पाळायची तर ताटात वाढतानाच कमी वाढून घ्यायचे.

पाणी जेवणासोबत नको. जेवणानंतर अर्धा तास थांबून प्यायचे आणि दिवसभरात दीड ते दोन लिटर पूर्ण करायचे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे विसरले तर थकवा आणि चक्कर ठरलेली.

गोडाचा झटका

वहिनींना पंगतीत जो त्रास झाला, त्याला ‘डंपिंग’ म्हणतात. साखरेचे अन्न जठरात न थांबता एकदम आतड्यात उतरते, आतडे त्यात पाणी ओढून घेते आणि धडधड, घाम, कळा, जुलाब सुरू होतात. दुसरा प्रकार जेवणानंतर एक ते तीन तासांनी होतो. साखर एकदम वाढते, इन्सुलिन जोरात सुटते आणि मग साखर फार खाली जाते. हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. हा त्रास बायपासनंतर जास्त दिसतो, स्लीव्हनंतरही होऊ शकतो. बहुतेकांना गोड टाळून आणि सावकाश खाऊन आराम पडतो. वारंवार होत असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

मधुमेहाच्या रुग्णांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ऑपरेशननंतर काही दिवसांतच साखर उतरू लागते. जुन्याच मात्रेत इन्सुलिन किंवा गोळ्या चालू ठेवल्या तर ती धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. रक्तदाबाच्या गोळ्यांचेही तसेच. मात्रा डॉक्टरांकडून नव्याने ठरवून घ्या, मनाने बंद करू नका.

गोळ्या जन्मभराच्या

सर्वांत मोठी चूक होते ती इथे. वर्षभराने वजन उतरलेले असते, माणूस खुश असतो आणि ‘आता कशाला’ म्हणून गोळ्या सुटतात. पण कमी खाण्यातून आणि बदललेल्या आतड्यातून बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व पुरेसे मिळत नाही. शरीरात बी-१२ चा साठा असतो, त्यामुळे त्याची उणीव दिसायला एक-दोन वर्षेही लागतात. मग तळपायाला मुंग्या येतात, चालताना तोल जातो, विसरायला होते. उशीर झाला तर नसांचे नुकसान पूर्ण भरून येत नाही.

कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवा. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका. तपासण्या साधारण तीन, सहा आणि बारा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी. हिमोग्लोबिन, लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व यांसाठी प्रत्येक वेळी मुंबई गाठायची गरज नसते. रक्त इथे किंवा धुळ्याला द्यावे, अहवाल फोनवरून डॉक्टरांना पाठवावा.

तीन ते सहा महिन्यांच्या काळात केस गळतात आणि बायका घाबरतात. झपाट्याने उतरलेल्या वजनाचा तो परिणाम असतो. प्रथिन आणि लोह नीट असेल तर बहुधा केस पुन्हा येतात. बाळंतपणाचा विचार असेल तर बारा ते अठरा महिने थांबायला सांगतात. वजन उतरताच गर्भधारणेची शक्यता वाढते आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळीवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांशी आधीच बोलावे.

गावातल्या डॉक्टरांना सांगा

डिस्चार्ज कार्डाची एक प्रत नेहमीच्या डॉक्टरांकडे द्या. अंग दुखते, गुडघा दुखतो म्हणून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या किंवा सुई सहज दिली जाते. या ऑपरेशननंतर, विशेषतः बायपासनंतर, त्यांनी आत अल्सर होऊ शकतो. तंबाखू आणि बिडीनेही तोच धोका वाढतो. दारू रक्तात फार लवकर चढते, थोड्याने जास्त.

पुढील लक्षणे दिसली तर सकाळची वाट पाहू नका : पहिल्या काही आठवड्यांत ताप, पोटात वाढत जाणारे दुखणे, नाडी सतत जलद, दम लागणे, एका पोटरीला सूज, काळी शौच किंवा रक्ताची उलटी. पाणीही ठरत नाही अशी उलटी एक-दोन दिवस चालली तरी दवाखाना गाठा. सततच्या उलट्यांनी बी-१ जीवनसत्त्व संपते आणि मेंदूला इजा होऊ शकते. अशा रुग्णाला सलाइन लावताना ऑपरेशनची माहिती डॉक्टरांना आधी द्या, कारण ग्लुकोजच्या आधी किंवा सोबत बी-१ द्यावे लागते.

आग्रहाचे काय करायचे?

आपल्याकडे माया ताटावर मोजली जाते. वरण-बट्टीच्या पंगतीत तुपाची धार ‘पुरे’ म्हटल्यावरही थांबत नाही. लग्नात कमी जेवणाऱ्याला ‘राग आला का’ असे विचारतात. ऑपरेशन झालेला माणूस या प्रेमापुढे एकटा पडतो. कुणी सांगायला लाजतो, कारण ‘खाऊन खाऊन वाढवले आणि पैसे घालून कापून घेतले’ असे टोमणे त्याने ऐकलेले असतात. लठ्ठपणा हा आळसाचा पुरावा नाही. आनुवंशिकता, संप्रेरके, झोप, औषधे या सगळ्यांचा त्यात हात असतो.

पहिले वर्ष-दीड वर्ष वजन भराभर उतरते. नंतर ते थांबते आणि थोडे परत चढू शकते. चिवडा, बिस्किटे, गोड चहा, सरबत हे लहान पोटातूनही सहज सरकतात आणि वजन तिथूनच परतते. उपवासाला साबुदाणा आणि भगरीत प्रथिन फारसे नसते, त्यामुळे श्रावणातले उपवास करायचे की नाही, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. कानबाईच्या रोटाचा प्रसाद कणभर घेतला तरी तो प्रसादच असतो.

घरच्यांनी करायच्या गोष्टी साध्या आहेत. त्या माणसासाठी एक लहान ताटली आणि लहान चमचा वेगळा ठेवा. त्याच्यासाठी वरण काढताना तळापासून ढवळून घट्ट वाढा. गोळ्यांची आठवण करा. पंगतीत त्याच्या वतीने कुणीतरी एकाने ‘नको’ म्हणा.

पुढच्या आखाजीला खापर पुन्हा तापेल. नणंदेने त्या दिवशी वहिनींच्या ताटलीत नखाएवढा मांडा ठेवावा, शेजारी घट्ट वरणाची वाटी ठेवावी आणि दुसऱ्यांदा विचारू नये. सण त्यानेही साजरा होतो.