मुकं ठेवलेलं घराणं

२०२४ च्या जूनमध्ये सिका अनोआई गेले आणि ऑगस्टमध्ये त्यांचे थोरले भाऊ अफा. एक ७९ वर्षांचे, दुसरे ८१ वर्षांचे. जन्मभर जोडीनं कुस्ती केलेले हे भाऊ दोन महिन्यांच्या आत एकापाठोपाठ गेले. 'वाइल्ड सामोअन्स' हे त्यांच्या टॅग टीमचं नाव. अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीत अनोआई घराण्याचा जो मोठा विस्तार दिसतो, तो या जोडीपासून वाढत गेला. मागे वळून पाहताना त्यांच्या अजिंक्यपदाच्या पट्ट्यांपेक्षा एक वेगळीच गोष्ट मनात राहते. या माणसांना पडद्यावर स्वतःच्या तोंडानं बोलू द्यायला कुस्तीच्या धंद्याला कितीतरी वर्षं लागली.

या कुस्तीचा निकाल आधी ठरलेला असतो. आपल्याकडे तिला नुरा कुस्ती म्हणून मोडीत काढतात. पण फळीवरचं आदळणं खरं असतं, अंग खरंच झिजतं, आणि प्रेक्षकाला कुणाचा राग यावा, कुणाची कणव यावी, हे कथानकातून घडवावं लागतं. त्या कथानकात कुणाच्या वाट्याला कोणती भूमिका येते, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

अफा आणि सिका यांचं मूळ पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांवरचं. कुटुंब सॅन फ्रान्सिस्कोला येऊन स्थिरावलं, वडील धर्मोपदेशक. अफानं अमेरिकेच्या मरीन दलात नोकरी केली होती. कुस्तीकडे त्याला ओढलं ते पीटर मायव्हियानं. मायव्हिया म्हणजे त्याच्या वडिलांचा मानलेला भाऊ, आणि पुढे हॉलिवूड गाजवणाऱ्या ड्वेन जॉन्सनचा, म्हणजे 'द रॉक'चा, आजोबा. अफा शिकला, त्यानं सिकाला शिकवलं, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दोघं कॅनडातल्या कॅलगरीत आखाड्यात उतरले.

१९८० मध्ये ते डब्ल्यूडब्ल्यूएफ या कुस्ती कंपनीत आले तेव्हा त्यांचं रूप ठरून गेलं होतं. पिंजारलेले केस, अनवाणी पाय, कॅमेऱ्यासमोर कच्चा मासा खाणं आणि बोलण्याऐवजी गुरगुरणं. त्यांच्या वतीनं बोलायचा तो व्यवस्थापक, कॅप्टन लू अल्बानो. सामोअन माणसाचं डोकं इतकं टणक की त्यावर मारणाऱ्याचाच हात दुखावा, हा समजही याच काळात कुस्तीत घट्ट झाला आणि पुढे पिढ्यानपिढ्या चालला. लष्करात राहिलेल्या, उत्तम इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला वर्षानुवर्षं असं रानटी दाखवणं हा अपमानच होता, असं मला वाटतं. प्रेक्षक घाबरत होते, तिकिटं खपत होती, म्हणून तो अपमान कमी होत नाही.

त्या रूपाच्या आत मात्र कसब अव्वल होतं. टॅग टीमचा नियम साधा असतो. जोडीतला एक जण रिंगमध्ये, दुसरा आपल्या कोपऱ्यात दोराबाहेर. हाताला हात लागला की माणूस बदलतो. खलनायक जोडीची कसोटी अशी की समोरच्यातल्या एकाला आपल्या कोपऱ्यात कोंडून ठेवायचं, पंचाची पाठ फिरली की दोघांनी मिळून त्याला बडवायचं, आणि त्याचा हात साथीदाराच्या हातापासून वीतभर लांब असताना पाय धरून त्याला मागे ओढायचं. प्रेक्षागृह ओरडून ओरडून थकेपर्यंत हे ताणता यायला हवं. अफा आणि सिका यांना ते साधलं होतं. एकमेकांना खुणावण्याची गरज त्यांना पडत नसे. १९८० मध्ये दोनदा आणि १९८३ मध्ये एकदा, असं तीन वेळा त्यांनी डब्ल्यूडब्ल्यूएफचं टॅग टीम अजिंक्यपद घेतलं. सिका जखमी असताना अफाचा मुलगा सामू त्याच्या जागी उतरला, आणि घराण्याची दुसरी पिढी तिथूनच रिंगमध्ये आली.

१९८३ च्या अखेरीस त्यांचे पट्टे काढून घेणारे दोघे होते टोनी अॅटलस आणि रॉकी जॉन्सन. कंपनीचे हे पहिले कृष्णवर्णीय टॅग टीम विजेते. यातला रॉकी जॉन्सन हा पीटर मायव्हियाचा जावई, म्हणजे नात्यातलाच माणूस. कथानकात त्या नात्याला काही जागा नव्हती. रानटी माणसांना सोयरेधायरे असतात, हे प्रेक्षकांना सांगून चाललं नसतं.

पुढच्या पिढीचं नशीब फार वेगळं नव्हतं. सामू आणि त्याचा आतेभाऊ सोलोफा फातू यांची 'सामोअन स्वॅट टीम' १९८९ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यू या दुसऱ्या कुस्ती कंपनीत गाजली. तिथेही त्यांच्या वतीनं बोलायला एक तरणाबांड व्यवस्थापक होता, पॉल हेमन. त्याचं नाव लक्षात ठेवा. हीच जोडी डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये 'हेडश्रिंकर्स' म्हणून आली, सोबत खुद्द अफा व्यवस्थापक म्हणून. १९९४ मध्ये त्यांनी टॅग टीमचे पट्टे जिंकले. मुलांनी बापाचंच यश मिळवलं, पण बापाचंच सोंग घेऊन.

रॉडनी अनोआईचं उदाहरण तर आपल्या ओळखीचं आहे. नव्वदच्या दशकात केबल घरोघर आली तेव्हा आपल्याकडच्या मुलांनी त्याला जपानी सुमो पैलवान म्हणूनच पाहिलं, कारण कंपनीनं त्याला तसंच उभं केलं होतं. नाव योकोझुना, हातात मिठाची चिमूट, मागे जपानी झेंडा. तालीम अफाची, रक्त सामोआचं. १९९३ मध्ये ब्रेट हार्टला हरवून तो कंपनीचा सर्वोच्च विजेता झाला, आणि दोन वर्षांनी ओवेन हार्टसोबत टॅग टीमचाही. दोनशे किलोंच्या वरचं ते शरीर घेऊन तो ज्या चपळाईनं हलायचा, ती आजही थक्क करते. २००० मध्ये लिव्हरपूलच्या हॉटेलात तो गेला, वयाच्या ३४ व्या वर्षी. अफा-सिकाचा भाचा एडी फातू, म्हणजे उमागा, २००९ मध्ये ३६ व्या वर्षी गेला. सिकाचा थोरला मुलगा मॅट, म्हणजे रोझी, २०१७ मध्ये ४७ व्या वर्षी. इतकं वजन वाहणाऱ्या शरीरांकडून या धंद्यानं काय वसूल केलं, ते ही वयंच सांगतात.

सोलोफा फातूची कथा मला सर्वांत जास्त टोचते. १९९६ मध्ये त्याला मुखवटा चढवून 'सुलतान' केलं गेलं आणि कथानकात सांगितलं गेलं की याची जीभ कापलेली आहे. मुकेपणाची याहून पुढची पायरी नाही. १९९७ च्या रेसलमेनियात, म्हणजे कंपनीच्या मोठ्या वार्षिक कार्यक्रमात, तो 'रॉकी मायव्हिया'शी लढला. रॉकी म्हणजे कोवळ्या वयातला ड्वेन जॉन्सन, बाप आणि आजोबा दोघांची नावं जोडून घेतलेला. एकाच घराण्यातले दोघे समोरासमोर होते आणि कथानकाला त्याचा पत्ता नव्हता. पुढे सोलोफा 'रिकिशी' झाला, केस सोनेरी रंगवून नाचू लागला, आणि लोकांनी त्याच्यावर भरभरून प्रेम केलं. पण २००६ साली त्याच्या धाकट्या भावाला, उमागाला, पुन्हा तोच रानटी वेश मिळाला आणि पुन्हा एक व्यवस्थापक त्याच्या वतीनं बोलू लागला.

हे बदललं रिकिशीच्या जुळ्या मुलांच्या, जिमी आणि जे उसोच्या, पिढीत. २०१४ मध्ये त्यांनी पहिल्यांदा पट्टे जिंकले तेव्हा ते चांगले खेळणारे, हसतमुख तरुण होते, इतकंच. खरी कथा सुरू झाली २०२० मध्ये, सिकाचा धाकटा मुलगा रोमन रेन्स रिंगमध्ये परतल्यावर. मधल्या काळात त्यानं रक्ताच्या कर्करोगाशी झुंज दिली होती. नात्यानं तो उसो भावांचा काका लागतो, पण तिघांचाही जन्म १९८५ चा, एकत्रच वाढलेले. कथानकानं हे नातं लपवलं नाही, त्यावरच सगळं उभं केलं. घराण्याचा प्रमुख कोण? कुणी कुणापुढे मान तुकवायची?

ऑक्टोबर २०२० चा 'हेल इन अ सेल' हा कार्यक्रम, रोमन विरुद्ध जे. साथीमुळे प्रेक्षक फक्त पडद्यांवर. हार मानल्याचं स्वतःच्या तोंडून कबूल करायचं, असा सामना. जे मार खात राहिला, पण कबूल करेना. तेव्हा रोमननं त्याच्या समोर जिमीचा गळा आवळला, आणि भावासाठी जेनं हार मानली. नंतर अफा आणि सिका प्रवेशद्वाराशी आले आणि रोमनच्या गळ्यात तांबडी ऊला फाला घातली. सामोआत ही माळ कुळांचे प्रमुख आणि त्यांच्या वतीनं सभेत बोलणारे वक्ते घालतात. कच्चा मासा खायला लावलेल्या त्या दोन म्हाताऱ्यांच्या हातून ती त्याच्या गळ्यात पडली, हा या कुस्तीतला मी पाहिलेला सर्वांत अर्थपूर्ण प्रसंग आहे.

त्यानंतरची वर्षं आकड्यांतही मोठी ठरली. उसो भावांनी टॅग टीमचं अजिंक्यपद ६२२ दिवस राखलं. १ एप्रिल २०२३ रोजी ते गमावलं तो सामना रेसलमेनियाच्या पहिल्या रात्रीचा अखेरचा सामना होता. टॅग टीमच्या पट्ट्यांसाठीच्या लढतीला हा मान त्याआधी कधीच मिळाला नव्हता. रोमन १,३१६ दिवस विजेता राहिला. त्याच्या मागे पट्टा धरून उभा असायचा तोच पॉल हेमन, १९८९ मध्ये त्याच्या भावांच्या वतीनं बोलणारा. आता रोमन बोलायचा आणि हेमन त्याच्या इशाऱ्याची वाट पाहायचा. कथा पुढे फार ताणली गेली, हे मान्य. तरी भाऊबंदकी, मानापमान, थोरल्याची सक्ती, धाकट्याचं बंड हे सारं या घराण्यानं स्वतःच्या आवाजात मांडलं. एप्रिल २०२५ मध्ये लास वेगासला जे उसो एकट्याच्या बळावर जागतिक विजेता झाला.

वाइल्ड सामोअन्सचे १९८० आणि १९८३ चे सामने पाहायला मिळाले तर जरूर पाहा. गुरगुरण्याकडे लक्ष देऊ नका. दोराबाहेर उभा असलेला भाऊ आत लढणाऱ्या भावाकडे कसा बघतो आणि नेमका कधी हात पुढे करतो, तेवढं पाहा.