माकड, मासा आणि मालकी : इंग्लंडमधील लहान फुटबॉल क्लबांचे पाठीराखे

इंग्लंडमधील व्यावसायिक फुटबॉलची मांडणी जुन्या स्वयंपाकघरातील उतरंडीसारखी आहे. सर्वांत वर प्रीमियर लीगचे 20 क्लब, त्यांच्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू या फुटबॉल लीगच्या तीन विभागांत प्रत्येकी 24 याप्रमाणे 72 क्लब आणि त्याही खाली नॅशनल लीगपासून खेड्यापाड्यांपर्यंत पसरत गेलेले शेकडो, बहुतांशी निमव्यावसायिक व हौशी क्लब अशी ही रचना असून, हंगामाच्या अखेरीस प्रत्येक विभागातील तळाचे संघ एक पायरी खाली उतरतात आणि खालचे अव्वल संघ वर चढतात. मराठी प्रेक्षकाला दूरचित्रवाणीमुळे ओळखीचे झालेले क्लब या उतरंडीच्या अगदी वरच्या मडक्यातले आहेत. खालच्या मडक्यांतील क्लबांच्या पाठीराख्यांना मात्र हे पक्के ठाऊक असते, की आपला संघ आपल्या हयातीत देशाचा विजेता होणार नाही. आणि तरीही शनिवारी दुपारी तीन वाजता, बहुधा पावसात, ते आपल्या मैदानावर हजर असतात. ही निष्ठा विजयावर टिकत नसेल तर कशावर टिकते, हे समजून घ्यायचे असेल तर त्यांच्या थट्टेकडे गंभीरपणे पाहावे लागते.

या थट्टेला तिकडे ‘बँटर’ म्हणतात. मराठीतील टर उडवणे, चिडवणे, टोमणे मारणे या शब्दप्रयोगांत तिचा काही अंश येतो, पण या शब्दांत एक जण चिडवणारा आणि दुसरा चिडणारा असतो, तर बँटरमध्ये परतफेड गृहीतच धरलेली असते. आपल्याकडची जवळची उदाहरणे द्यायची तर कलगी-तुऱ्याच्या फडातील सवाल-जवाब किंवा सातारा जिल्ह्यातील सुखेड आणि बोरी या गावांचा ‘बोरीचा बार’ ही देता येतील. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी या दोन गावांतील स्त्रिया ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात आणि त्या शिव्यांतूनच शेजारपण पुन्हा पक्के होते. फुटबॉलच्या मैदानातही दोन बाजूंच्या गॅलऱ्या अशाच समोरासमोर असतात. एकीकडून घोषणा आली की दुसरीकडून तिच्याच चालीवर उत्तर जाते आणि ते उत्तर ज्या चपळाईने सुचते तिचे कौतुक कधीकधी प्रतिपक्षही टाळ्या वाजवून करतो.

लहान क्लबाच्या थट्टेचे खास लक्षण असे, की बाहेरच्यांनी मारलेला टोमणा तो क्लब उचलतो आणि पदकासारखा छातीवर लावतो. ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल या बंदराचे उदाहरण या बाबतीत सर्वांत बोलके आहे. नेपोलियनशी युद्ध चालू असताना या किनाऱ्यावर एक फ्रेंच जहाज फुटले, त्यातून एक माकड तेवढे जिवंत किनाऱ्याला लागले आणि फ्रेंच माणूस कधीच न पाहिलेल्या कोळ्यांनी त्याला शत्रूचा हेर समजून फासावर चढवले, अशी दंतकथा आहे. तिला ऐतिहासिक आधार नाही; पण एकोणिसाव्या शतकातील एका लोकगीताने ती घरोघर पोहोचवली आणि तेव्हापासून ‘माकडाला फाशी देणारे’ ही शिवी हार्टलपूलकरांच्या मागे लागली. 1908 मध्ये स्थापन झालेल्या हार्टलपूल युनायटेडच्या वाट्याला ती प्रत्येक परक्या मैदानावर आली. 1999 मध्ये क्लबाने आपले शुभचिन्ह, म्हणजे सामन्याआधी प्रेक्षकांत फिरणारी वेषधारी आकृती, निवडताना माकडच निवडले, आणि अँगस या सरधोपट नावात फाशी देण्याच्या इंग्रजी क्रियापदाचा श्लेष साधून त्याचे नाव ‘हँगस’ ठेवले. त्या माकडाच्या वेषात वावरणारा स्टुअर्ट ड्रमंड हा तरुण 2002 मध्ये नगराच्या महापौरपदासाठी उभा राहिला, शाळेतील मुलांना फुकट केळी देण्याचे आश्वासन त्याने दिले आणि तो निवडून आला. थट्टेपुरतीच ही गोष्ट असती तर ती तिथेच संपली असती. परंतु ड्रमंड यांनी माकडाचा वेष उतरवून कारभार केला, 2005 आणि 2009 मध्ये मतदारांनी त्यांना पुन्हा निवडले आणि 2013 मध्ये ते पदच रद्द होईपर्यंत ते महापौर राहिले.

या क्लबाच्या खेळाचा इतिहास पाहिला तर थट्टेची गरज आणखी स्पष्ट होते. 1986 पर्यंत फुटबॉल लीगच्या तळाला राहिलेल्या क्लबांना आपोआप खाली जावे लागत नसे. त्यांना इतर क्लबांपुढे पुन्हा प्रवेशासाठी मत मागावे लागे, आणि अशी याचना सर्वाधिक म्हणजे 14 वेळा करणारा क्लब हार्टलपूलच होता. 2017 मध्ये, 96 वर्षांच्या सलग सदस्यत्वानंतर, तो लीगमधून बाहेर पडला, 2021 मध्ये परतला आणि 2023 मध्ये पुन्हा खाली गेला. अशा क्लबाच्या पाठीराख्यांनी हंगामातील परगावच्या शेवटच्या सामन्याला सोंगे घेऊन जाण्याची प्रथा पाडली आहे. 2012 मध्ये लंडनच्या चार्ल्टन क्लबाच्या मैदानावर ते अंगाला निळा रंग फासून स्मर्फ या चित्रकथेतील बुटक्यांच्या रूपात अवतरले होते. यजमान संघ त्या दिवशी विभागाचे विजेतेपद साजरे करत होता, पण आठवणीत राहिले ते निळे पाहुणे. निकाल आपल्या हातात नसला तरी दिवस आपल्या हातात असतो, हे या माणसांनी फार पूर्वी ओळखले आहे.

ग्रिम्सबी टाउनची कथा याच कुळातली आहे. ग्रिम्सबी हे एके काळी जगातील मोठ्या मासेमारी बंदरांपैकी एक होते. आइसलंडशी झालेल्या मासेमारीच्या हद्दीच्या वादानंतर त्याचा मासेमारी ताफा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लयाला गेला, पण ‘माशाचा वास येणारे’ हा टोमणा मागे राहिला. जिंकत असतानाच यांचा आवाज निघतो असे प्रतिपक्ष हिणवू लागला, की ग्रिम्सबीकर त्याच चालीवर सांगतात की आमचा आवाज मासे धरतानाच निघतो. 1989 मध्ये हा क्लब एफए कपच्या पाचव्या फेरीत पोहोचला, तेव्हा शेकडो पाठीराख्यांच्या हातांत हवा भरलेले प्लास्टिकचे मासे होते आणि हॅडॉक जातीच्या त्या माशाला त्यांनी ‘हॅरी’ असे बारशाचे नावही देऊन टाकले होते. 1871 पासून चालत आलेल्या या कपात लहान-मोठे सगळे क्लब एकाच चिठ्ठीतून जोडले जातात. त्यामुळे चौथ्या पातळीवरील ग्रिम्सबीला मार्च 2023 मध्ये प्रीमियर लीगमधील साउदम्प्टनला त्याच्याच मैदानावर हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठता आली, आणि 27 ऑगस्ट 2025 रोजी लीग कप या अशाच दुसऱ्या स्पर्धेत तर मँचेस्टर युनायटेडला 2-2 अशा बरोबरीनंतर पेनल्टींवर 12-11 असे नमवता आले. दोन्ही वेळी हॅरी प्रेक्षकांत होता. बंदरातून नावा गेल्या तरी मासा मात्र पाठीराख्यांनी सांभाळून ठेवला आहे.

अ‍ॅक्रिंग्टन स्टॅन्ली हा क्लब 1962 मध्ये कर्जबाजारी होऊन लीगमधून बाहेर पडला आणि त्यानंतर त्याचे नाव अनामिकतेचा समानार्थी शब्द बनले. 1980 च्या दशकाच्या अखेरीस दुधाच्या एका जाहिरातीत ‘हे कोण?’ अशा स्वरात त्याचा उल्लेख झाला आणि तो देशभर गाजला. क्लबाने हेही पचवले. 2006 मध्ये तो लीगमध्ये परतला, तेव्हा खाली जाणाऱ्या क्लबांत ऑक्सफर्ड युनायटेड होता, म्हणजे 1962 मध्ये ज्याला स्टॅन्लीची जागा मिळाली होती तोच.

आपल्याच क्लबाची टर उडवणाऱ्यांचे त्याच्यावर खरे प्रेम नसते, असा एक समज वरच्या मडक्यात आढळतो. तो साफ चुकीचा आहे. घरातल्या माणसाला नावे ठेवण्याचा अधिकार घरातल्याच माणसाला असतो, हा न्याय इथेही चालतो. आणि क्लबावर खरे संकट येते तेव्हा हीच थट्टेखोर माणसे सर्वांत आधी उभी राहतात. चार्ल्टन अ‍ॅथलेटिकला 1985 मध्ये आपले ‘व्हॅली’ हे मैदान सोडावे लागले आणि नगर परिषदेने परतीची परवानगी नाकारली, तेव्हा पाठीराख्यांनी ‘व्हॅली पार्टी’ नावाचा पक्ष काढून मे 1990 च्या स्थानिक निवडणुकीत 60 उमेदवार उभे केले. जागा एकही मिळाली नाही, पण 14,838 मते मिळाली. परिषदेला आपला विचार बदलावा लागला आणि डिसेंबर 1992 मध्ये क्लब घरी परतला.

विम्बल्डनचा प्रसंग याहून कठोर होता. 1988 मध्ये लिव्हरपूलला 1-0 ने हरवून एफए कप जिंकणारा दक्षिण लंडनचा हा लहान क्लब 1991 मध्ये प्लाउ लेन हे आपले मैदान सोडून दुसऱ्या क्लबाच्या मैदानावर भाडेकरू म्हणून राहू लागला आणि पुढे मालकांनी तो सुमारे 90 किलोमीटर दूर असलेल्या मिल्टन कीन्स या नव्या शहरात हलवण्याचे ठरवले. 28 मे 2002 रोजी तीन सदस्यांच्या आयोगाने या स्थलांतराला मान्यता दिली आणि पाठीराख्यांनी विम्बल्डनमध्ये नवा क्लब काढणे फुटबॉलच्या व्यापक हिताचे ठरणार नाही, असा शेराही अहवालात मारला. तो शेरा विम्बल्डनकरांनी माकडासारखा आणि माशासारखाच उचलला. अपमानाचे ते शब्द आता त्यांच्या विनोदाचा आणि अभिमानाचा भाग आहेत. जून अखेरीस विम्बल्डन कॉमन या सार्वजनिक माळावर खेळाडूंची खुली निवड चाचणी झाली, सुमारे 230 जण आले, आणि 10 जुलै 2002 रोजी एएफसी विम्बल्डन या नव्या क्लबाचा पहिला सराव सामना 4,657 प्रेक्षकांसमोर झाला. नवव्या पातळीपासून सुरुवात करून नऊ हंगामांत पाच बढत्या मिळवत हा क्लब 2011 मध्ये फुटबॉल लीगमध्ये पोहोचला आणि नोव्हेंबर 2020 मध्ये प्लाउ लेनवर बांधलेल्या नव्या मैदानात परतला. मिल्टन कीन्सच्या क्लबाचे नाव तोंडातून न काढता त्याला ‘फ्रँचायझी’, म्हणजे विकत घेतलेली शाखा, असे संबोधण्याचा नेम येथील पाठीराखे आजही पाळतात.

एएफसी विम्बल्डनची बहुतांश मालकी पाठीराख्यांच्या न्यासाकडे आहे, आणि त्या रचनेचे मराठी वाचकाला विशेष महत्त्व वाटावे. अशा न्यासात वर्गणी कितीही दिली तरी एका सभासदाला एकच मत असते. सहकाराचे हे तत्त्व ज्या रॉचडेल गावातील कामगारांनी 1844 मध्ये आपल्या दुकानापासून रुजवले, त्याच्याच परंपरेतून पुढे महाराष्ट्रातील सहकारी पतपेढ्या आणि साखर कारखाने उभे राहिले. फुटबॉलमधील असा पहिला न्यास 1992 मध्ये नॉर्दम्प्टन टाउनच्या पाठीराख्यांनी स्थापन केला, आणि एक्झिटर सिटी 2003 पासून आपल्या पाठीराख्यांच्या मालकीचा आहे. रॉचडेलच्या शेजारचा बरी हा क्लब मात्र वाचला नाही. 1885 मध्ये स्थापन झालेला आणि 1900 व 1903 मध्ये एफए कप जिंकलेला हा क्लब मालकांच्या आर्थिक गैरव्यवस्थापनामुळे ऑगस्ट 2019 मध्ये लीगमधून काढून टाकला गेला. तेथील पाठीराखे आधी दोन गटांत फुटले, एकाने नवा संघ काढला, दुसऱ्याने जुने मैदान मिळवले, आणि 2023 मध्ये मतदानाने दोघे पुन्हा एक झाले. अशा क्लबांच्या अनुभवांतून झालेल्या चौकशीनंतर ब्रिटिश संसदेने 2025 मध्ये कायदा करून फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमला, हे या माणसांच्या चिकाटीचे फळ आहे.

थट्टेची हद्द ओलांडली जाते, हेही नोंदवणे आवश्यक आहे. हिल्सबरो मैदानावर 1989 मध्ये चेंगराचेंगरी होऊन 97 जण दगावले, त्या मृतांवरून घोषणा देण्याचा ओंगळ प्रकार आजही घडतो. खेळाडूच्या वर्णावरून दिलेल्या शिव्यांचा इतिहास तर दीर्घ आहे. त्यांना बँटर म्हणणे हा त्या शब्दाचा अपमान आहे. कसोटी साधी आहे: ज्या टोमण्याला हसत परतफेड करता येते तो टोमणा, ज्याला येत नाही ती इजा.

महाराष्ट्रात या संस्कृतीचे सर्वांत जवळचे नाते कोल्हापूरशी आहे. तेथे फुटबॉल संघ पेठांतील तालमींच्या नावाने उतरतात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावे शाहू स्टेडियमवर निघाली की खुन्नस, चिडवाचिडवी आणि पिढीजात निष्ठा एकाच वेळी जागी होते. कुस्तीच्या तालमीतून आलेला हा आपलेपणा विकत घेता येत नाही आणि म्हणूनच हलवताही येत नाही. गोव्यात उलटे घडले. 2010-11 मध्ये आय-लीग जिंकलेल्या साळगावकर क्लबासह स्पोर्टिंग क्लब दे गोवा आणि पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला धेंपो हे क्लब 2016 मध्ये राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले, आणि त्या निर्णयांत गावोगावच्या पाठीराख्यांना मत नव्हते, कारण क्लब त्यांच्या मालकीचे नव्हते.

हार्टलपूलचे माकड दीडशेहून अधिक वर्षे टिकले, कारण कोणीतरी ते गाण्यात बांधून ठेवले. कोल्हापूरच्या पेठांत आणि गोव्याच्या वाड्यांवर ज्या घोषणा, जी टोपणनावे आणि जे टोमणे एका पिढीने दुसरीला तोंडी दिले, ते ज्यांच्या स्मरणात आहेत त्यांनी सामना, साल आणि मैदान यांच्या नोंदीसह आताच वहीत उतरवून ठेवावेत.