महाराष्ट्र विधान परिषद निवडणूक, जून २०२२

महाराष्ट्र विधान परिषदेच्या १० जागांसाठी विधानसभा सदस्यांनी २० जून २०२२ रोजी मतदान केले. रिंगणात ११ उमेदवार होते. भारतीय जनता पक्षाचे पाचही उमेदवार निवडून आले, तर काँग्रेसचे पहिल्या क्रमांकाचे उमेदवार चंद्रकांत हंडोरे पराभूत झाले. सत्ताधारी महाविकास आघाडीची मते या निवडणुकीत फुटली.

पार्श्वभूमी

दहाच दिवस आधी, १० जून रोजी, राज्यसभेच्या सहा जागांसाठी मतदान झाले होते. त्यात भाजपचे धनंजय महाडिक विजयी झाले आणि शिवसेनेचे दुसरे उमेदवार संजय पवार पराभूत झाले. राज्यसभेसाठी आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीस दाखवावी लागते. ही खुली पद्धत २००३ च्या कायदादुरुस्तीने आली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कुलदीप नय्यर खटल्यात ती वैध ठरवली. तेथे पक्षाच्या आमदाराला लपून मत देता येत नसल्याने आघाडीने आपला रोष मुख्यतः अपक्ष व छोट्या पक्षांवर काढला. विधान परिषदेचे मतदान मात्र गुप्त असते. त्यामुळे दहा दिवसांनी संशयाची सुई स्वपक्षीयांकडेच वळली.

आजारी आमदारांची मते

पिंपळे गुरव येथील रहिवासी आणि चिंचवडचे भाजप आमदार लक्ष्मण जगताप त्या वेळी कर्करोगाने गंभीर आजारी होते. तरीही दोन्ही निवडणुकांसाठी ते रुग्णवाहिकेतून मुंबईला गेले. पुण्यातील कसबा पेठच्या आमदार मुक्ता टिळक याही आजारपणातच मतदानाला आल्या. विधान परिषदेच्या वेळी त्यांच्या मतपत्रिका दुसऱ्यांनी हाताळल्याचा आक्षेप काँग्रेसने घेतला आणि मतमोजणी लांबली. शारीरिकदृष्ट्या असमर्थ मतदारास मदतनीस घेण्याची मुभा नियमांत आहे. निवडणूक आयोगाने आक्षेप फेटाळला. राज्यसभेच्या वेळी असेच आक्षेप दोन्ही बाजूंनी घेतले गेले होते. तेव्हा शिवसेनेचे सुहास कांदे यांचे एक मत बाद ठरले होते.

निकाल आणि काँग्रेसमधील वाद

भाजपचे प्रवीण दरेकर, राम शिंदे, श्रीकांत भारतीय, पिंपरी-चिंचवडच्या उमा खापरे आणि प्रसाद लाड विजयी झाले. विधानसभेत भाजपचे १०६ सदस्य होते. पाचवी जागा बाहेरच्या मतांशिवाय येणे शक्य नव्हते. काँग्रेसकडे ४४ आमदार असूनही हंडोरे पडले, दुसऱ्या क्रमांकाचे भाई जगताप मात्र निवडून आले. पक्षाने ज्येष्ठ दलित नेत्याला अग्रक्रम द्यायचा आणि आमदारांनी तो उलटवायचा, ही गोष्ट कार्यकर्त्यांना अधिक झोंबली. पक्षांतर्गत चौकशीची मागणी झाली, पण गुप्त मतपत्रिकेवर नाव नसते. शिवाय पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टातील पक्षादेशाची तरतूद सभागृहातील मतदानापुरती आहे. त्यामुळे दोषी सापडला असता, तरी आमदारकीला धक्का लागला नसता.

पुढील घडामोडी

मतमोजणीच्या रात्रीच एकनाथ शिंदे समर्थक आमदारांसह सुरतला गेले. २९ जूनला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला. शिंदे सरकारने ४ जुलैला १६४ विरुद्ध ९९ मतांनी विश्वास संपादन केला. त्या दिवशी अशोक चव्हाण, विजय वडेट्टीवार यांच्यासह काँग्रेसचे काही आमदार उशिरा पोहोचल्याने मतदानास मुकले आणि जुना संशय पुन्हा वर आला. हंडोरे यांना पक्षाने फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्यसभेवर पाठवले.

मुक्ता टिळक यांचे २२ डिसेंबर २०२२ रोजी, तर लक्ष्मण जगताप यांचे ३ जानेवारी २०२३ रोजी निधन झाले. चिंचवडच्या पोटनिवडणुकीत जगताप यांच्या पत्नी अश्विनी यांनी राष्ट्रवादी काँग्रेसचे नाना काटे यांचा ३६,१६८ मतांनी पराभव केला. तेथे बंडखोर राहुल कलाटे यांनी ४४,११२ मते घेतली. कसब्यात भाजपने टिळक कुटुंबाबाहेर उमेदवारी दिली आणि ती जागा काँग्रेसचे रवींद्र धंगेकर यांनी जिंकली.