आशयशून्य संदेशाची साक्ष

महासागरावरून जाणारे विमान कोठे आहे हे कोणास तरी सतत दिसतच असते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. रडारच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वीचा पृष्ठभाग वक्र आहे. त्यामुळे किनाऱ्यापासून सुमारे ४०० किलोमीटरांपलीकडे उंचावरील विमानही दृष्टीआड होते. त्यापुढे विमान स्वतः जे कळवील तेवढेच कळावयाचे. हा प्रश्न पाहण्याचा नसून सांगण्याचा आहे, आणि म्हणूनच भाषाभ्यासकाने त्यात लक्ष घालण्यास जागा आहे.

८ मार्च २०१४ रोजी क्वालालंपूरहून पेकिंगकडे २३९ जणांना घेऊन निघालेले मलेशियाचे एमएच-३७० हे विमान नाहीसे झाले. वैमानिकाचे अखेरचे शब्द स्थानिक वेळेनुसार रात्री १.१९ वाजता ऐकू आले. लष्करी रडारवर ते २.२२ पर्यंत दिसत होते. त्यानंतर विमानाने काहीच ‘सांगितले’ नाही. तथापि त्यावरील उपग्रह-संपर्कयंत्र जागे होते. तासभर कोणताच व्यवहार झाला नाही की पर्थ येथील भूकेंद्र उपग्रहामार्फत “आहेस ना?” अशा अर्थाची पृच्छा करी व यंत्र “आहे” एवढेच उत्तर देई. मॅलिनोव्हस्कीने ज्यास केवळ संबंध राखणारे बोलणे मानले आणि याकोबसनने १९६० मध्ये ज्यास संपर्कमार्गाशी निगडित असे भाषेचे स्वतंत्र कार्य मानले, त्याचे याहून शुद्ध उदाहरण मिळणे कठीण. दूरध्वनीवर आपण “हॅलो, ऐकू येतंय ना?” म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. अशा सात नोंदी २.२५ ते ८.१९ या काळातील आहेत.

या उत्तरांत स्थानाचा उल्लेख नाही. परंतु उत्तर येण्यास लागलेला वेळ नोंदला गेला होता. (अटलांटिकमध्ये २००९ साली एअर फ्रान्सचे एएफ-४४७ बुडाले, त्या अनुभवानंतरच ही नोंद ठेवण्याची व्यवस्था झाली होती.) त्या वेळावरून विमानाचे उपग्रहापासूनचे अंतर निघते, आणि समान अंतरावरील सर्व बिंदूंचे पृथ्वीवर एक वर्तुळ होते. विमान वर्तुळावर आहे. पण वर्तुळाच्या कोणत्या भागात? येथे लहरींच्या वारंवारतेतील सूक्ष्म फरक उपयोगी पडला. उपग्रह विषुववृत्तावर स्थिर आहे असे गृहीत धरून विमानातील यंत्र स्वतःच्या गतीमुळे पडणारा फरक भरून काढीत असे; उपग्रह मात्र किंचित उत्तर-दक्षिण हेलकावे घेत होता. हे गृहीतक सदोष होते म्हणूनच जो फरक उरला, त्यावरून विमान दक्षिणेकडे गेल्याचे ठरले. उपग्रह खरोखरच स्थिर असता तर हा निर्णय फारच अवघड झाला असता.

तरीही सातवे वर्तुळ ही एक रेषाच. तिच्यावरील बिंदू मिळाला नाही. जुलै २०१५ मध्ये पंखाचा एक भाग रियुनियन बेटावर वाहत आला. जानेवारी २०१७ पर्यंत १,२०,००० चौरस किलोमीटर समुद्रतळ तपासण्यात आला, २०१८ मध्ये खासगी शोध झाला. दोन्ही प्रयत्नांत मुख्य सांगाडा सापडला नाही. जमिनीवरून विमानास केलेले दोन दूरध्वनी अनुत्तरित राहिले होते. पण त्या अनुत्तरित हाकांच्या लहरीही पुढे पुरावा म्हणून तपासल्या गेल्या. आप्तांना मिळालेले उत्तर मात्र संभाव्यतेच्या भाषेतलेच होते.

नोव्हेंबर २०१८ पासून आंतरराष्ट्रीय नियमानुसार महासागरावर मोठ्या विमानांचे स्थान निदान दर १५ मिनिटांनी कळणे आवश्यक झाले. ताशी ९०० किलोमीटर वेगाने तेवढ्या वेळात विमान २२५ किलोमीटर जाते. त्या त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे १,५९,००० चौरस किलोमीटर भरते, म्हणजे वरील शोधक्षेत्राहूनही अधिक. दर मिनिटास स्थान कळल्यास तेच सुमारे ७०० वर येते. नव्या मोठ्या विमानांनी संकटात सापडताच दर मिनिटास आपण होऊन स्थान कळवावे, हा नियम याच हिशेबातून आला आहे.