अंगणातला चिखल आणि प्लास्टिकची हिरवळ

पावसाळा लागला की आमच्या लासूर स्टेशनला पायांच्या तक्रारी घेऊन येणारे रुग्ण वाढतात. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडलेल्या, सोललेल्या, खाजणाऱ्या. यालाच आपण चिखल्या म्हणतो. अलीकडे मात्र औषधाबरोबर आणखी एक गोष्ट विचारली जाते, "डॉक्टरसाहेब, अंगणात ते प्लास्टिकचं गवत टाकलं तर? पोरं चिखलात लोळायची तरी थांबतील." प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आपली माती समजून घ्यावी. गंगापूर तालुक्यातली काळी माती कपाशीला चांगली, पण अंगणाला वाईट. तिच्यातले अतिसूक्ष्म कण पाणी पिऊन फुगतात आणि मग वरचे पाणी खाली जाऊ देत नाहीत. उन्हाळ्यात हीच माती आकसते, भेगाळते. अशा जमिनीवर गवताची गुंडाळी नुसती अंथरली, तर खाली चिखल तसाच राहतो, वर फक्त झाकण बसते. जागोजागी खड्डे पडतात, पाणी साचते, कुबट वास सुटतो.

म्हणून चार-सहा इंच माती काढावी. घरापासून बाहेरच्या बाजूला मीटरमागे एक-दीड सेंटीमीटर उतार द्यावा आणि ते पाणी नालीपर्यंत नेऊन सोडावे. मातीवर पाणी झिरपू देणारे जाड कापड अंथरावे, नाहीतर खडी दोन पावसांत मातीत गडप होते. त्यावर खडी, खडीवर बारीक कच टाकून धुमसाने नीट ठोकावी. गवताच्या पाठीला पाणी जाण्यासाठी छिद्रे असतात. खाली प्लास्टिकचा कागद घालून ती बुजवू नयेत. माझ्या मते इथे खरे काम संपले. यावर गवताऐवजी शहाबादी फरशी टाकली तरी पाय कोरडेच राहतील.

आता गवताचा दुसरा चेहरा. हे गवत आले खेळाच्या मैदानांसाठी. अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या बंदिस्त स्टेडियममध्ये ते 1966 साली अंथरले गेले. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी त्यावर खेळली गेली आणि आपण पदकाविना परतलो, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. हॉकीच्या मैदानावर पाणी मारतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत प्यायच्या पाण्याची मारामार, तिथे गवताला कुठून आणणार? जिवंत गवत पानांतून वाफ सोडून थंड राहते, प्लास्टिकला ते जमत नाही. कडक उन्हात असा पृष्ठभाग 60 अंश सेल्सियसच्या वर तापतो. रांगणारे मूल त्यावर भाजू शकते. त्याहून मला काळजी वाटते ती मधुमेही आजी-आजोबांची. त्यांच्या तळपायांची जाणीव गेलेली असते. चटका कळत नाही, फोड संध्याकाळी दिसतो, आणि ती जखम महिनोन्महिने भरत नाही. काहींना बोट गमवावे लागते. घरात असे कोणी असेल तर गवत सावलीतच टाकावे, आणि दुपारी अनवाणी फिरू देऊ नये.

कोंबड्या, कुत्रा असतील तर आणखी एक. मातीतले जिवाणू विष्ठा कुजवून टाकतात, प्लास्टिकवर ती तशीच राहते. ती रोजच्या रोज उचलून जागा धुवावी लागेल.

आणि गवत टाकले म्हणजे चिखलाचे आजार संपले, असेही नाही. मुले गल्लीत, शेतात जाणारच. जिथे लोक उघड्यावर शौचाला बसतात, तिथल्या ओल्या मातीतून अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून शरीरात शिरतात. पुढे त्या आतड्यात जाऊन रक्त पितात आणि मूल पांढुरके पडते. यावरची जंतनाशक गोळी शाळा-अंगणवाडीत मोफत देतात, ती चुकवू नये. शेणमातीत धनुर्वाताचे जंतूही असतात. खिळा, काच रुतली तर जखम साबणाने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी, इंजेक्शन लागते का ते विचारावे.

चिखल्यांना कोणी मेंदी लावतात. माझे तिच्याशी भांडण नाही, पण आधी पाय धुऊन बोटांच्या बेचक्या सुती फडक्याने कोरड्या कराव्यात. बुरशी असेल तर क्लोट्रिमॅझोलचे मलम दोन ते चार आठवडे लावावे, खाज थांबली म्हणून मध्येच सोडू नये. दुकानातून स्टेरॉइड मिसळलेले मलम आणू नये. त्याने दोन दिवस आराम वाटतो आणि बुरशी आणखी पसरते. मधुमेह असणाऱ्यांनी घरी प्रयोग न करता लगेच दवाखाना गाठावा.